घरातला सुगंधी फवारा : गवती चहा, वाळा आणि त्यामागचे थोडे शास्त्र

(ऊस विकास विभागाकडून)



या पानावर आम्ही एरवी लागणीचे अंतर, बेणेप्रक्रिया, खोडव्यातील पाचट, हुमणी असे विषय देत असतो. या वेळचा विषय थोडा बाजूचा वाटेल, पण तो आमच्याकडे आला आहे सभासदांच्या घरांतूनच. रावेत, पुनावळे, किवळे या पट्ट्याची परिस्थिती आपणां सर्वांस ठाऊक आहे. १९९७ साली ही गावे पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेत गेली. पवनेकाठच्या ज्या रानांत ऊस आणि भाजीपाला होता तिथे आज उंच उंच इमारती आहेत. ज्यांनी थोडी जमीन राखली त्यांनीही कडेला चार खोल्या बांधून चाकण, तळवड्याच्या कामगारांना भाड्याने दिल्या आहेत. पूर्वीच्या घराला परसदार होते, वारा आरपार जायचा. आता बंद खिडक्या, घरातच न्हाणी-संडास आणि पावसाळ्यात चार-चार दिवस न वाळणारे कपडे. त्यामुळे 'घराला वास येतो' ही तक्रार वाढली, आणि तिच्यावर बाजारातल्या डब्यांतला फवाराही घराघरांत आला.

महिला सभासदांच्या एका बैठकीत माती परीक्षणाचे बोलणे संपल्यावर एक मावशी म्हणाल्या, "साहेब, लेकीनं बाजारातनं सुगंधी तेलाच्या बाटल्या आणल्यात. पाण्यात थेंब टाकून घरातच फवारा करायचा म्हणती. पण तेल नुसतं वर तरंगतंय. पहिल्या दिवशी वास येतच नाही, आन् बाटली संपत आली की डोकं उठतंय. हे असं का?"

प्रश्न अगदी मुद्द्याचा आहे. त्याचे उत्तर मावशींना स्वतःलाच माहीत होते. आम्ही उलट विचारले, "मावशी, निंबोळी तेल फवारताना तुम्ही पंपात साबण का घालता?"

"तेल पाण्यात मिसळत नाही म्हणून."

"मग हे तेल तरी कसं मिसळेल?"

तेल आणि पाणी

आपण शेतात जी ई.सी. औषधे वापरतो, ती पाण्यात ओतली की पाणी दुधासारखे पांढरे होते. त्या बाटलीत औषधाबरोबर तेल व पाणी यांना जोडून ठेवणारे द्रव्य कंपनीने आधीच घातलेले असते. घरी आणलेल्या गवती चहाच्या किंवा निलगिरीच्या तेलात असे काही नसते. ते पाण्यात पडले की वर तरंगते. फवाऱ्याची नळी मात्र बाटलीच्या तळाशी असते. म्हणजे सुरुवातीला निव्वळ पाणी उडते आणि शेवटी, पाणी संपत आल्यावर, जवळजवळ निव्वळ तेल बाहेर येते. मावशींची तक्रार नेमकी हीच होती. असे तेल लाकडी कपाटावर पडले तर पॉलिश जाते, फरशीवर पडले तर पाय घसरतो आणि डोळ्यांत गेले तर आग होते.

यावर तीन वाटा आहेत. एक, तेल आधी स्पिरिटमध्ये विरघळवून घेणे. दुसरी, जोडणारे द्रव्य घालणे. आणि तिसरी, तेलाची बाटली आणायचीच नाही; वनस्पतीचे सुवासिक पाणीच घरी काढायचे. आमच्या मते आपल्या घरांना तिसरी वाट सर्वांत सोयीची आहे, पण तिन्ही समजून घेऊ.

थेंबात किती गवत असते

त्याआधी एक हिशेब. उताऱ्याची भाषा आपल्या सभासदांना शिकवावी लागत नाही. एक टन उसापासून साधारण १०० ते ११० किलो साखर निघते. गवती चहाच्या ओल्या पातीतून वाफेने तेल काढले तर उतारा येतो शेकडा ०.३ ते ०.५. म्हणजे टनाला तीन ते पाच किलो तेल. गुलाबाचे तर विचारूच नका. एक किलो तेलाला तीन-चार टन पाकळ्या लागतात.

आता हे उलट करून पाहा. साधारण २० थेंबांचे एक मिलिलिटर होते. एवढ्या तेलासाठी सुमारे पाव किलो ताजी पात लागलेली असते. आपण कपभर चहाला दोन पाती घालतो आणि तेवढ्यानेही स्वयंपाकघर दरवळते. मग पाव किलो पातीचा अर्क दहा बाय दहाच्या खोलीत एकदम सोडला तर डोके उठणारच. हे तेल 'नैसर्गिक' आहे म्हणून सौम्य असते, असा पुष्कळांचा समज आहे. तो चुकीचा आहे. हे तेल कितीतरी पटींनी घट्ट केलेले असते. शेतात आपण पंपाला किती मिली हे झाकणाने मोजून घेतो, तीच शिस्त इथे लागते. शंभर मिली फवाऱ्याला १५ ते २० थेंब पुष्कळ झाले. यापेक्षा जास्त घालून वास जास्त टिकत नाही, फक्त उग्र होतो.

गवती चहा आपल्याला परका नाही आणि उसालाही नाही. ऊस, ज्वारी, मका, गवती चहा, वाळा, रोशा गवत ही सगळी गवतकुळातील, आणि त्यातही एकाच भावकीतली. उसाने आपला उतारा कांड्यात साखर म्हणून साठवला, गवती चहाने पातीत तेल म्हणून, वाळ्याने मुळांत. गवती चहाच्या तेलात मुख्य भाग सिट्रल नावाच्या द्रव्याचा, साधारण शेकडा ७० ते ८५. लिंबासारखा जो वास येतो तो याचाच. हेच सिट्रल कारखान्यांत अ जीवनसत्त्व आणि काही अत्तरी द्रव्ये तयार करण्यासाठी लागते, म्हणून या तेलाला जगात मागणी असते.

फवाऱ्याच्या आधी नाकाचे ऐका

वास ही खबर असते. खबर आणणाऱ्याचे तोंड बांधून उपयोग नाही. त्यामुळे फवारा हातात घेण्यापूर्वी वास कुठून येतो ते शोधा. आमच्या पाहणीत निम्म्या घरांत मूळ सापडते न्हाणीच्या जाळीखाली. त्या जाळीखाली वाकडी नळी किंवा वाटी असते, तिच्यात पाणी साठून राहते आणि त्या पाण्यामुळे गटाराची हवा घरात येत नाही. न्हाणी काही दिवस वापरली नाही की ते पाणी आटते. कामगार दिवाळीला गावी गेले, खोली पंधरा दिवस बंद राहिली, परत येऊन दार उघडले की भपकारा येतो तो याच कारणाने. अशा वेळी तांब्याभर पाणी जाळीत ओतायचे, बस्स. शंभर रुपयांचा डबा जे करणार नाही ते तांब्याभर पाणी करते. भाड्याने खोल्या देणाऱ्या सभासदांनी हे भाडेकरूंना अवश्य सांगावे.

ओलीचा कुबट वास आला तर भिंत, कपाटाची पाठ आणि गादीखाली पाहा. बुरशी असेल तर ती पुसून, वाळवून, ऊन-वारा देऊन जाते. सुगंधाने जात नाही. नव्या प्लायवूडच्या कपाटाचा आणि ताज्या रंगाचा डोळ्यांत झोंबणारा वास खिडक्या उघड्या ठेवून दिवसेंदिवस बाहेर जाऊ द्यावा. त्यात आणखी एक वास मिसळला तर आपण खिडकी बंद करतो आणि नुकसान वाढवतो.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे गॅस. सिलिंडरमधल्या गॅसला स्वतःचा वास जवळजवळ नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मुद्दाम मर्कॅप्टन हे घाण वासाचे द्रव्य घातलेले असते. स्वयंपाकघरात कुजकट वास आला आणि कुणी त्यावर फवारा मारला, तर आपणच इशारा पुसून टाकला असे होईल. शिवाय फवारा स्पिरिटचा असेल तर आगीत तेल. तेव्हा आधी रेग्युलेटर बंद, दारे-खिडक्या उघडी, विजेच्या बटनाला हात नाही, आणि घराबाहेर येऊन मग फोन.

सुवासिक पाणी घरी कसे काढावे

एक मोठे जाड बुडाचे पातेले घ्या. मधोमध एखादी स्टीलची तिवई किंवा धुतलेला विटेचा तुकडा ठेवा आणि त्यावर एक स्टीलचे वाडगे. वाडग्याभोवती बोटभर लांबीचे तुकडे केलेली गवती चहाची पात पसरा; अर्धा किलो पात पुरे. पात सकाळी कापून चार-पाच तास सावलीत सुकू दिलेली असावी. आता पात बुडेल एवढेच पाणी घाला, वाडगे कोरडेच राहिले पाहिजे. वरून घुमटाकार झाकण उलटे ठेवा, म्हणजे त्याचे टोक बरोबर वाडग्यावर येईल. झाकणावर बर्फ किंवा गार पाणी. खाली मंद आच.

पाणी उकळू लागले की वाफ पातीतले तेल घेऊन वर जाते, गार झाकणाला लागून तिचे पाणी होते आणि टोकावरून थेंब थेंब वाडग्यात पडते. झाकणावरचे पाणी कोमट झाले की बदलायचे. आच मोठी केली तर वाफ कडेने निसटते आणि वास घरभर होतो, वाडग्यात मात्र काही येत नाही. पाऊण ते एक तासात दीड-दोन भांडी पाणी निघते. तळाचे पाणी आटून पात करपू देऊ नका, नाहीतर करपट वास उतरतो. वाडग्यातल्या पाण्यावर बारीक तेलकट तवंग दिसला तर समजा काम उत्तम झाले.

कनौजचे अत्तरवाले पिढ्यान्पिढ्या हेच करीत आले आहेत. त्यांचा तांब्याचा देग म्हणजे आपले पातेले, आणि बांबूच्या नळीने जोडलेला भपका म्हणजे आपले वाडगे. आमच्या गटात एका घरी हा प्रयोग चालू असताना शेजारचे आजोबा दारात येऊन बारकाईने पाहत उभे राहिले. 'भट्टी' म्हटले की लोकांचे मन कुठे जाते हे सांगायला नको! इथे काही आंबवलेले नसते, त्यामुळे या पाण्यात मद्यार्क नसतो.

हे पाणी गार झाल्यावर स्वच्छ, उकळून वाळवलेल्या फवारा-बाटलीत भरा. तेलाचा अंश त्यात फारच थोडा असल्याने वास मंद येतो आणि डोके चढत नाही. पण टिकाऊपणा कमी. फ्रिजमध्ये ठेवून आठ दिवसांत संपवावे. गढूळ दिसले किंवा वास बदलला तर झाडाच्या बुंध्यात ओतून द्यावे. म्हणून एका वेळी थोडेच काढा.

वाळ्याचे असे पाणी मात्र लवकर निघत नाही. मुळातले तेल जड असते. व्यापारी भट्टीतही ते काढायला पुष्कळ तास, कधी अख्खा दिवस लागतो. घरात वाळ्याचा उपयोग आपल्या जुन्या पद्धतीनेच करावा. मुळांची जुडी ओली करून खिडकीत टांगायची. वारा येईल तसा गारवा आणि वास दोन्ही मिळतात. उन्हाळ्यात वाळ्याच्या ताट्या लावीत त्यामागे हेच शास्त्र आहे. दुपारपाळी-रात्रपाळी करून दिवसा झोपणाऱ्या कामगाराला पत्र्याच्या खोलीत याचा जेवढा आराम मिळेल तेवढा कुठल्या फवाऱ्याने मिळणार नाही.

स्पिरिटचा प्रश्न

आता ज्यांना तेलाच्या बाटल्या वापरायच्याच आहेत त्यांच्यासाठी. अत्तरे आणि फवारे यांचा पाया म्हणजे मद्यार्क, आणि तो येतो आपल्याच उसातून. टनभर उसामागे चाळीस-पंचेचाळीस किलो मळी निघते आणि आसवनीत तिच्यापासून दहा लिटरच्या आसपास मद्यार्क होतो. तेव्हा 'साहेब, आसवनीतून बाटलीभर आणून द्या की' अशी गळ घातली जाते. ते होणार नाही. रेक्टिफाइड स्पिरिट परवान्याशिवाय बाळगणे हा १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली गुन्हा आहे. आणि उद्योगासाठी जे 'डिनेचर्ड' स्पिरिट निघते, ते कोणी पिऊ नये म्हणून त्यात मुद्दाम विषारी आणि घाण वासाची द्रव्ये मिसळलेली असतात. त्याची वाफ बंद खोलीत उडवणे म्हणजे पैसे देऊन विष विकत घेणे.

२०२० साली करोनाच्या काळात राज्यातल्या अनेक कारखान्यांच्या आसवन्यांनी हातांचे सॅनिटायझर तयार केले होते. त्यातल्या उरलेल्या बाटल्यांतच तेल घातले तर चालेल का, असेही काहींनी विचारले. नको. त्यात कातडी कोरडी पडू नये म्हणून ग्लिसरिन असते, काहीत जेल असते. फवारा चिकट होतो आणि भांडी, फर्निचर सगळ्यावर थर बसतो.

परदेशी पुस्तकांत व्होडका वापरा असे लिहिलेले असते. ती कृतीही इथे अर्धवटच जमते, कारण आपल्याकडे मिळणाऱ्या व्होडकात मद्यार्क शेकडा ४२-४३ च असतो, बाकीचे पाणी. तेवढ्यात तेल पूर्ण विरघळत नाही, बाटली दुधाळ होते. औषधाच्या दुकानात ७० टक्क्यांचे आयसोप्रोपिल अल्कोहोल मिळते, ते बरे. ते पिण्याचे नव्हे, विषारी आहे, हे चिठ्ठीवर ठळक लिहावे. साठ मिली अल्कोहोलमध्ये १५ ते २० थेंब तेल घालून बाटली हलवा आणि रात्रभर ठेवा. दुसऱ्या दिवशी उकळून गार केलेले पाणी बारीक धारेने घालत जा. जिथे द्रव दुधाळ व्हायला लागेल तिथे थांबा. त्यापुढे पाणी घातले की तेल पुन्हा वेगळे व्हायला लागते.

दुसरी वाट पॉलिसॉर्बेट २० या द्रव्याची. सुगंधी तेले व साबणाचे साहित्य विकणाऱ्या दुकानांत ते मिळते. एक भाग तेलाला चार-पाच भाग हे घेऊन आधी दोघांना चांगले ढवळायचे, मग पाणी घालायचे. निंबोळी तेलाच्या साबणाचेच काम ते करते. यात आगीचे भय कमी, पण पाणी असल्याने हेही आठवडाभरात संपवावे लागते.

आग, मूल आणि औषधाची रिकामी बाटली

संत्र्याची साल दिव्याच्या ज्योतीजवळ पिळली की ठिणग्या उडतात; लहानपणी हा खेळ सगळ्यांनीच केला असेल. त्या ठिणग्या म्हणजे सालीतले तेल. सर्वच सुगंधी तेले अशी पेट घेणारी असतात, आणि स्पिरिट तर त्याहून जास्त. वर सांगितलेल्या अल्कोहोलची वाफ आपल्या घरातल्या साध्या उष्णतेलाही पेटू शकते. तेव्हा शेगडी, समई, उदबत्ती, मच्छरांची पेटती कॉइल, यांपैकी काहीही जळत असताना स्पिरिटचा फवारा मारायचा नाही. संध्याकाळी देवापुढे दिवा लावला की घर सुगंधी असावे असे वाटणे स्वाभाविक आहे, पण फवारा अर्धा तास आधी मारा आणि खिडकी उघडी ठेवा. उन्हात उभ्या केलेल्या गाडीत ही बाटली ठेवू नये.

निलगिरीचे तेल आणि कापूर यांबद्दल विशेष सांगणे आहे. सर्दी झाली की आपल्या घरांत ही दोन्ही काढली जातात, म्हणून ती निरुपद्रवी वाटतात. लहान मुलाने निलगिरीच्या तेलाचे थोडेसेच घोट घेतले तरी त्याला झटके येऊ शकतात, शुद्ध हरपू शकते. कापूर खाल्ल्यानेही तसेच. असे घडलेच तर उलटी करवू नका, बाटली बरोबर घेऊन ताबडतोब दवाखाना गाठा. पाळण्यावर, उशीवर, तान्ह्या बाळाच्या खोलीत कोणताही फवारा नको. घरात दम्याचा रोगी असेल तर त्याला विचारून, आधी दुसऱ्या खोलीत थोडा मारून पाहावा. मांजर असेल तर जास्त काळजी घ्यावी, कारण या तेलांतली काही द्रव्ये पचवून बाहेर टाकण्याची शक्ती तिच्या शरीरात कमी असते. पिंजऱ्यातल्या पोपटाचेही तसेच.

शेतकऱ्याच्या घरातला आणखी एक धोका शहरातल्या पुस्तकांत लिहिलेला नसतो, म्हणून इथे लिहितो. कीटकनाशकाची रिकामी बाटली किंवा जुना हातपंप कितीही धुतला तरी सुगंधी फवाऱ्यासाठी वापरायचा नाही. प्लॅस्टिकमध्ये औषध मुरलेले असते. बाटली नवीच घ्यावी, शक्य तर काचेची, कारण ही तेले काही प्लॅस्टिक मऊ करतात. तिच्यावर काय आहे आणि कोणत्या तारखेला भरले हे लिहावे. पाण्यासारखी दिसणारी कोणतीही गोष्ट शीतपेयाच्या बाटलीत ठेवू नये हे आम्ही औषधांबाबत दरवर्षी सांगतो, इथेही तेच.

लिंबू-संत्र्याच्या तेलांचा आणखी एक गुण आहे. बाटली उघडी राहिली की हवेने ती जुनी होतात आणि कातडीला खाज आणू लागतात. शिवाय त्यांतील लिमोनिन हवेतल्या ओझोनशी मिळून फॉर्मल्डिहाइड आणि अतिसूक्ष्म कण तयार करते. महामार्गालगतच्या आपल्या पट्ट्यात दुपारी उन्हात ओझोन वाढतो. त्यामुळे या तेलांचा फवारा दुपारी मारून घर बंद करून बसू नये.

मच्छरांसाठी याचा उपयोग होतो का, हा हमखास प्रश्न. गवती चहा व सिट्रोनेला यांच्या वासाने डास काही वेळ दूर राहतात, पण अंगाला लावूनही त्याचा असर फार तर तास-दोन तास. खोलीत उडवलेला तर त्याहून कमी. डेंग्यूचा डास दिवसा चावतो आणि कुंड्यांखालच्या ताटलीत, टाकीत, जुन्या टायरात वाढतो. आठवड्यातून एक दिवस सगळी भांडी रिकामी करून कोरडी करणे याला फवाऱ्याचा पर्याय नाही.

भेसळ कशी ओळखावी

सुगंधी तेलाच्या धंद्यात भेसळ जुनीच, आणि तिच्यात आपल्या महाराष्ट्राचेही नाव आले आहे. पश्चिम खानदेशात धुळे-नंदुरबारच्या डोंगरांत रोशा गवत वाढते. त्याचे तेल तिथे रानातच भट्ट्या लावून काढीत. गुलाबासारख्या वासाचे हे तेल मुंबई बंदरातून तांबड्या समुद्रामार्गे इस्तंबूलला जाई, आणि तिकडे ते गुलाबाच्या महाग अत्तरात मिसळले जाई. युरोपातल्या बाजारात त्याला 'तुर्की जिरेनियम' म्हणत. गवत आमच्या खानदेशचे, नाव तुर्कस्तानचे! आपल्या आदिवासी बांधवांनी डोळे चोळीत काढलेल्या तेलावर खरा नफा कोणी मिळवला असेल हे साखर कारखान्याच्या सभासदांना वेगळे सांगायला नको. सहकार नसला की काय होते याचे ते उदाहरण आहे.

घरी करण्यासारखी परीक्षा साधी आहे. पांढऱ्या कागदावर एक थेंब टाकून दिवसभर ठेवा. गवती चहा, निलगिरी, संत्रा यांचे शुद्ध तेल उडून जाते आणि तेलकट डाग उरत नाही किंवा अगदी पुसट उरतो. भज्याच्या कागदासारखा पारदर्शक डाग उरला तर गोड्या तेलाची भेसळ आहे. वाळा आणि चंदन यांची तेले जड, त्यांना ही परीक्षा लागू नाही. कृत्रिम सुगंधाची भेसळ मात्र कागदावर कळत नाही; ती प्रयोगशाळेतच कळते. म्हणून अगदी स्वस्तात 'शुद्ध चंदन तेल' कोणी देऊ लागला तर नमस्कार करून पुढे जावे.

ठोंब लावण्याविषयी

गवती चहासाठी एकरभर रान नको. इमारतीच्या गच्चीवर दीड फूट खोल कुंडीत किंवा खोल्यांच्या मागे न्हाणीचे पाणी जाते तिथे दोन-तीन ठोंब पुरतात. साबणाचे पाणी फार असेल तर मात्र थोडे लांब लावा. जून-जुलैत जुन्या बेटातले मुळासकट ठोंब वेगळे करून, वरची पात वीतभर ठेवून कापावी आणि लावावे. पाणी साचू देऊ नये. चार-पाच महिन्यांनी पहिली कापणी मिळते. जमिनीपासून चार-पाच इंच ठेवून कापावे, म्हणजे उसाच्या खोडव्यासारखे पुन्हा फुटते. पुढे दोन-तीन महिन्यांनी एकेक कापणी येत राहते. तीन-चार वर्षांनी बेट म्हातारे होते, तेव्हा फोडून नव्याने लावावे.

तेल काढण्यासाठी शेतावर लावायचा विचार असणाऱ्यांना एवढेच सांगतो की परसातली गवती चहाची जात आणि तेलासाठीची जात वेगळी. लखनौच्या 'सीमॅप' संस्थेने 'कृष्णा'सारखी वाणे तेलासाठी काढली आहेत. पण कापलेली पात फार दिवस ठेवता येत नाही, भट्टी जवळच लागते आणि तेल घेणारा आधी ठरलेला लागतो. एकट्याने भट्टी घातली तर वर्षातले बरेच दिवस ती रिकामी राहते. दहा-पंधरा जणांची पात एकत्र येत असेल, पड किंवा मुरमाड रान असेल आणि व्यापाऱ्याशी लेखी बोलणे झाले असेल तरच या वाटेला जावे. नदीकाठच्या काळ्या रानातला ऊस काढून नव्हे. बचत गटाला सुवासिक पाणी विकायचे असेल तर त्यांनी आधी टिकाऊपणाचा विचार करावा. आठ दिवसांत खराब होणारा माल दुकानात ठेवता येत नाही. तो ओळखीच्या घरांत, मागणीप्रमाणे ताजा काढूनच द्यावा लागेल.

गवती चहाचे ठोंब हवे असणाऱ्या रावेत गटातील सभासदांनी पाऊस सुरू होण्यापूर्वी गट कार्यालयातील ऊस मदतनिसाकडे नाव नोंदवावे. ज्यांच्या परसात जुनी बेटे आहेत त्यांनीही कळवावे, म्हणजे एकमेकांत वाटून घेता येतील.